आंब्रोली इंग्रजी शाळा
स्कॉटिश मिशनने मुंबईत स्थापन केलेली एक जुनी ख्रिस्ती माध्यमिक शाळा. विल्सन हायस्कूल व विल्सन महाविद्यालय या दोन्ही संस्थांचा उगम या शाळेत आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक व प्राच्यविद्यापंडित ⇨ जॉन विल्सन (११ डिसेंबर १८०४–१ डिसेंबर १८७५) यांनी २९ मार्च १८३२ रोजी गिरगावातील आंब्रोली या ठिकाणी ती सुरू केली. मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण याच वर्षी ६ जानेवारीला निघाले होते. इंग्रजी विद्येचे मुंबईकरांस वाटणारे आकर्षण आणि तिच्याविषयीची धास्ती ही दोन्ही त्या काळी एकाच वेळी वाढत होती. शाळेच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंच्या संघर्षाचा इतिहास आहे.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे कार्य १८२३ मध्ये कोकणात बाणकोट येथे सुरू झाले. विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट हे फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस आले व काही महिने कोकणात राहून मराठी शिकले. मुंबईस परतल्यावर दोघांनी प्रथम मराठी शाळा काढल्या. मार्गारेट यांनी मुलींसाठी चालविलेल्या शाळा या शहरातील स्त्रीशिक्षणाच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत मोडतात. त्या १८३५ मध्ये मुंबईतच निधन पावल्या. मराठी शाळांतून वाचन, लेखन व अंकगणित शिकविण्यास हिंदू पंतोजी नेमावे लागत. धर्मशिक्षण हा ज्या शाळांचा हेतू, त्यांत शिकविणारे बहुतेक त्या धर्माचे नव्हते, ही विसंगती प्रारंभापासूनच होती.

माउंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार मुंबई इलाख्यातील सरकारी मदतीच्या शाळांत धर्म शिकविला जात नसे. विल्सन यांना हे शिक्षण अपुरे वाटे. इंग्रजी भाषा, इतिहास, भूगोल व गणित यांच्या जोडीला बायबल शिकविले, तर विद्यार्थी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्माकडे वळेल, अशी त्यांची धारणा होती. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात अशीच शाळा काढली होती. परंतु डफ यांचा भर इंग्रजीवर होता, तर विल्सन यांनी मराठी, गुजराती यांसारख्या देशी भाषांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. संस्कृत व फार्सी यांचा त्यांचा स्वतःचा व्यासंग मोठा होता. गिरनारच्या शिलालेखाच्या नकला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठविण्यात त्यांचा वाटा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या धर्मांचे खंडन करावयाचे त्यांचे ग्रंथ मुळातून वाचावेत, हा त्यांचा दंडक शाळेतील अध्यापनातही उतरला.

शाळेच्या दिनक्रमात प्रार्थना व बायबलचा तास यांना अग्रस्थान असे. वार्षिक परीक्षा प्रतिष्ठित नागरिकांच्या उपस्थितीत जाहीरपणे होई. बहुसंख्य विद्यार्थी हिंदू व पारशी होते. पालक बायबलच्या तासाकडे काणाडोळा करीत. मुलगा इंग्रजी शिकला म्हणजे कचेरीत वा पेढीवर लागेल, हा त्यांचा हिशेब असे. चालकांचा हेतू एक आणि पालकांचा दुसरा, तरीही शाळा भरभराटीस येत होती. १८३५ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या सर्वसाधारण सभेने मिशनचे कार्य आपल्याकडे घेतले आणि शाळेस ‘जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’ असे नाव मिळाले.

हा अलिखित समझोता मे १८३९ मध्ये मोडला. धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात प्रक्षोभ उसळला आणि धनजीभाईंना हजर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज झाला. आपण कोठे राहावे हे ठरविण्याइतकी समज या तरुणास आहे, असे मानून न्यायालयाने त्यांना त्यांच्या इच्छेवर सोडले. मुलांच्या पालकांनी आपला निकाल निराळ्या रीतीने दिला: पारशी मुले तर गेलीच, हिंदू मुलेही मोठ्या संख्येने शाळा सोडून गेली. वर्ग पुन्हा भरू लागण्यास बराच अवधी लागला. होरमसजी आणि धनजीभाई हे दोघेही पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले.

दुसरा खटला याहून गुंतागुंतीचा होता. जानेवारी १८४३ मध्ये विल्सन प्रकृतीच्या कारणाने पॅलेस्टाइनमार्गे स्वदेशी गेले. धनजीभाई त्यांच्याबरोबर होते. शाळेची धुरा रॉबर्ट नेस्बिट व जॉन मरे मिचेल यांच्यावर आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. या खटल्यात (रेजिना विरुद्ध नेस्बिट) सर अर्स्किन पेरी यांनी अज्ञान मुलावर पित्याचा अधिकार मान्य करून श्रीपतला पित्याच्या हवाली केले. चार वर्षांच्या अंतराने लागलेले हे दोन निकाल वरवर परस्परविरुद्ध भासले, तरी त्यांतील प्रश्न एकच होता: शाळेत जाणाऱ्या मुलाच्या श्रद्धेविषयी अखेरचा शब्द कोणाचा आणि तो कोणत्या वयापासून.

मुलगा घरी आला, पण जातीत आला नाही. मिशनऱ्यांच्या घरी अन्नोदक घेतल्यामुळे तो पतित मानला गेला. ⇨ बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी त्यास प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेण्यासाठी पुढाकार घेतला. मुंबईच्या ब्राह्मणवर्गात त्यामुळे दोन तट पडले. सनातनी पक्षाच्या मते असा दोष प्रायश्चित्ताने जाणारा नव्हता. बाळशास्त्रींच्या मते बारा वर्षांच्या मुलास दार बंद करणे म्हणजे त्याला मिशनऱ्यांकडे परत पाठविण्यासारखे होते. प्रतिपक्षाने त्यांच्यावर कठोर टीका केली. महाराष्ट्रातील परतीच्या धर्मांतराची चर्चा या प्रकरणापासून सुरू झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. एका मिशनरी शाळेने हिंदू समाजास स्वतःच्या आचारधर्माचा पुनर्विचार करावयास लावले. मात्र तो तिच्या चालकांना अभिप्रेत होता तसा नव्हता. थोरले बंधू नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले.

याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. चर्चच्या कारभारातील जमीनदारांचा व शासनाचा हस्तक्षेप अमान्य करून बाहेर पडलेल्या ‘फ्री चर्च’मध्ये मुंबईचे बहुतेक मिशनरी सामील झाले. परिणामी इमारत व मालमत्ता मूळ चर्चकडे राहिली आणि शिक्षक व विद्यार्थी यांना अन्यत्र जागा शोधावी लागली. हजारो मैलांवरील धर्मसभेतील वादाची झळ गिरगावातील मुलांना लागावी, हे मिशनसंस्थांच्या पराधीनतेचे बोलके उदाहरण होय. पुढे खेतवाडीत शाळेची स्वतःची इमारत झाली. मराठीतील ख्रिस्ती वाङ्‌मयाचे अग्रणी ⇨ बाबा पद्मनजी (१८३१–१९०६) हे या फ्री चर्च शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या अरुणोदय या आत्मचरित्रात संशय, वादविवाद व मानसिक ओढाताण यांतून जाणाऱ्या तत्कालीन विद्यार्थ्याचे प्रत्ययकारी चित्र आढळते. स्कॉटिश मिशनच्याच पुण्यातील शाळेत ⇨ महात्मा जोतीराव फुले शिकले; त्यांनी धर्मांतर केले नाही, परंतु मानवी हक्कांविषयीचे त्यांचे विचार घडण्यास तेथील शिक्षणाचा हातभार लागला.

धर्मांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या एकूण पटाच्या मानाने अल्पच राहिली. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. लौकिक विषयांची तपासणी सरकारने करावी व धर्मशिक्षणाविषयी विचारणा करू नये, असे त्यात ठरले. त्यानंतर विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी हे शाळेचे मुख्य काम होत गेले. तिच्या वरच्या वर्गांतून निघालेला महाविद्यालयीन विभाग १८६१ मध्ये मुंबई विद्यापीठास संलग्न झाला. विल्सन स्वतः १८६८ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महाविद्यालय १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीवरील गॉथिक शैलीच्या वास्तूत गेले. वास्तुशिल्पज्ञ जॉन ॲडम्स. प्राचार्य ड्यूगल्ड मॅकिकन यांच्या कारकीर्दीत त्याचा विशेष विकास झाला. भारतरत्न पां. वा. काणे व माजी पंतप्रधान मोरारजी देसाई हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी होत.

शाळा विल्सन हायस्कूल या नावाने गिरगावातच राहिली. तिच्या शिक्षकवर्गातील सर्वांत संस्मरणीय नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) यांचे. ते ख्रिस्ती नव्हते. शिवाजी महाराज व गौतम बुद्ध यांची चरित्रे त्यांनी मराठीत लिहिली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याची त्यांनी आपण होऊन चौकशी केली. हा विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कूलचा होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळण्यास साहाय्य केले. बुद्धविचाराशी आंबेडकरांचा परिचय या ग्रंथाने झाला. मिशनरी शाळेतील शिक्षकाचे स्वतंत्र लेखन असे अनपेक्षित दिशेने फलद्रूप झाले.

१९२९ मध्ये स्कॉटलंडमधील मुख्य प्रेसबिटेरियन चर्चे पुन्हा एकत्र आली, त्यामुळे १८४३ ची फूट बहुतांशी सांधली गेली. १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना होऊन या परंपरेतील येथील मंडळ्या तीत विलीन झाल्या. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क आहे. तर अनुच्छेद २८ (३) अन्वये शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. मार्गारेट विल्सन यांच्या मुलींच्या शाळांची परंपरा गावदेवी येथील सेंट कोलंबा शाळेकडे आली आहे.