निधीने मातेमागून चालावे

दिवाळी सरते आणि परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या उसाच्या फडाकडे निघतो. परत येणे होते ते उन्हाळ्याच्या तोंडी. या पाच-सहा महिन्यांत जी स्त्री गरोदर असेल, तिच्या प्रकृतीची जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या खात्यातून यावा, या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेपाशी अद्याप नाही.

योजना नाहीत असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या पात्र मातेस तीतून ७०० रुपये मिळतात. २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, तपासण्या आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य आहे. मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत दिले जातात. तथापि यांतील दुसरा हप्ता जन्माची नोंद आणि बाळाचे प्रारंभीचे लसीकरण पूर्ण झाल्यावर मिळतो. नाव गावी नोंदले, बाळंतपण फडाजवळ झाले आणि लस तिसऱ्याच ठिकाणी टोचली, तर कागदांची साखळी कोठे तुटेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दोष व्यक्तींचा नाही; तो रचनेचा आहे. उपकेंद्र ५,००० लोकसंख्येस, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येस, आशा कार्यकर्ती साधारण १,००० लोकसंख्येस, अशी आपली मोजणी आहे. ती स्थिर गाव गृहीत धरते. माणसे निघून गेली तरी निधी गावीच राहतो; आणि ज्या गावाच्या शिवारात शेकडो कोपी उभ्या राहतात, तेथील आरोग्यसेविकेचा भार वाढतो, पण तिच्या केंद्राची औषधे वाढत नाहीत. गावच्या आशाच्या मोबदल्याचा एक भाग रुग्णालयातील प्रसूतीशी बांधलेला असतो; तोही अशा वेळी अधांतरी राहतो. शिवाय एका तपासणीसाठी फड सोडला की खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात वसूल होतो. म्हणजे सरकारदरबारी विनामूल्य असलेली तपासणी या स्त्रीस प्रत्यक्षात सर्वांत महाग पडते.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. आफ्रिकेतील अनेक देशांनी १९८७ च्या बामाको उपक्रमानंतर औषधांचा खर्च काही अंशी रुग्णांकडूनच घेण्याचा मार्ग धरला. गरिबांतील गरीब त्यामुळे दवाखान्यापासून दूर राहतात, ही टीका पुढे वाढत गेली. सिएरा लिओनने २०१० मध्ये गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी शुल्क रद्द केले. आफ्रिकी राष्ट्रांनी २००१ साली अबुजा येथे अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यास देण्याची शपथ घेतली होती. ती बहुतेकांना पाळता आली नाही. बोध स्पष्ट आहे. शुल्क रद्द करणे हे अर्धेच काम होय. ज्या दवाखान्यात रुग्ण येतो, त्या दवाखान्यात पैसा पोहोचविणे हे उरलेले अर्धे. महाराष्ट्रानेही १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत विनामूल्य उपचार सुरू केले. तेव्हा हा बोध आपणांसही लागू आहे.

सुदैवाने येथे मार्ग शोधण्यास दूर जावे लागत नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी, गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तितकाच वाटा राज्याने द्यावा, असे धोरण ठरले आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे ही रक्कम एक कोटी रुपये होते. या निधीचा निश्चित हिस्सा माता व बालकांसाठी राखून ठेवावा. तो फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास, तेथे उतरलेल्या गरोदर स्त्रिया व बालकांच्या संख्येप्रमाणे, हंगाम सुरू होण्यापूर्वी मिळावा. तपासणीच्या दिवशी खाडा पडू नये, म्हणून त्या दिवसाची मजुरीही त्यातूनच द्यावी. गावची आशा आणि फडाजवळची आशा या दोघींना आपापल्या कामाचा मोबदला मिळावा.

विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसायकर बसविला गेला आणि शहरातील पगारदाराने दुष्काळी खेड्यातील मजुराचा भार उचलला. त्याच न्यायाने साखरेच्या गोडीत ज्यांचा वाटा आहे, त्यांनी ऊस तोडणाऱ्या मातेच्या बाळंतपणाचा भार उचलणे यात उपकार कोणताच नाही.

मंजूर निधी वर्षअखेर घाईघाईने खर्ची पडतो, हे आपल्या कारभाराचे जुने दुखणे आहे. पण गर्भास आर्थिक वर्ष ठाऊक नसते. नऊ महिन्यांत जे मिळाले नाही, ते मार्चमध्ये देऊन भरून निघत नाही. परभणीची माता कामामागून चालते. तिच्या वाट्याच्या निधीनेही तिच्यामागून चालावयास शिकले पाहिजे.