नव्या आवृत्तीचा खर्च

लहान अभियांत्रिकी कंपनीच्या हिशेबवहीत आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे खाते उघडले ते १९८० च्या दशकात. त्याआधी संगणकावर ड्रॉइंग काढणे ही विमान आणि मोटार कंपन्यांनाच परवडणारी गोष्ट होती. कॉम्प्युटरव्हिजन, इंटरग्राफ अशा कंपन्या सॉफ्टवेअर आणि यंत्रसामग्री एकत्रच विकत, आणि अशा यंत्रणेचा खर्च पाच-दहा कामगारांच्या वर्कशॉपच्या आवाक्यात येण्याजोगा नव्हता. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीचे ऑटोकॅड साध्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी सुमारे १,००० डॉलरला मिळू लागले आणि ही भिंत पडली. पण त्याच वेळी एक नवी अडचणही सुरू झाली. ड्रॉइंग बोर्ड एकदा घेतला की वीस वर्षे चाले, सॉफ्टवेअरची मात्र दोन-तीन वर्षांत नवी आवृत्ती येई.

पहिली दहा-बारा वर्षे ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण कारखान्याबाहेर जायचा तो कागद. ट्रेसिंगवर प्लॉट काढायचा, अमोनिया प्रिंट मारायची आणि ग्राहकाकडे पाठवायची. ते ड्रॉइंग कोणत्या आवृत्तीत काढले, हे ग्राहकाला कळण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे नवी आवृत्ती कधी घ्यायची, हा निर्णय पूर्णपणे मालकाच्या हातात होता. ऑटोकॅडची १९९२ ची रिलीज १२ डॉसवर वेगाने चाले. १९९४ ची रिलीज १३ जड आणि दोषांनी भरलेली निघाली, तेव्हा असंख्य कार्यालयांनी ती सरळ सोडून दिली आणि १९९७ च्या रिलीज १४ पर्यंत जुन्यावरच काम काढले. मधली एक आवृत्ती गाळायची आणि पुढची स्थिर झाल्यावर घ्यायची, हा खर्च आवरण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक मार्ग होता.

कागदाची जागा आधी फ्लॉपीने आणि मग ई-मेलने घेतली, तेव्हा हा मार्ग अरुंद झाला. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलची रचना २०००, २००४, २००७, २०१० आणि २०१३ या आवृत्त्यांत बदलत गेली. जुन्या आवृत्तीला नवी रचना वाचता येत नसे. भोसरी किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पुरवठादाराच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी रोखठोक होता. मोठ्या ग्राहकाने आपल्याकडची सॉफ्टवेअर बदलली की त्याने पाठवलेली ब्रॅकेटची फाइल इथल्या ड्राफ्ट्समनच्या पडद्यावर उघडतच नसे. मग फोन करून “२००४ मध्ये सेव्ह करून पाठवा” अशी विनंती करायची आणि कोटेशनचा दिवस वाया घालवायचा. म्हणजे नव्या आवृत्तीतली एकही सोय नको असली तरी ग्राहकाच्या फाइलपायी ती घ्यावी लागे. ऑटोडेस्कचेच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हे मोफत साधन नवी फाइल जुन्या रचनेत उतरवून देते. ते माहीत असलेल्या कंपन्यांनी एकेका सीटचा, म्हणजे एका माणसापुरत्या लायसन्सचा, खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलला. २०१८ च्या रचनेनंतर हे बदलही थंडावले.

घन मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये परिस्थिती जास्त कडक होती. पीटीसीच्या प्रो-इंजिनिअरने १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरामेट्रिक, म्हणजे माप बदलले की मॉडेलही बदलणारी, पद्धत रूढ केली, पण ती महाग होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेले सॉलिडवर्क्स विंडोजवर चाले, त्याची किंमत सुमारे ४,००० डॉलर होती आणि लहान कंपन्यांसाठी त्रिमिती खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. मात्र नव्या आवृत्तीत साठवलेला सॉलिडवर्क्सचा भाग जुन्या आवृत्तीत पूर्ण रूपात उघडण्याची सोय २०२४ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. त्या आवृत्तीत ती आली तीही फक्त मागच्या दोन आवृत्त्यांपुरती आणि चालू वार्षिक करार असणाऱ्यांसाठी. पुणे परिसरातल्या वाहन उद्योगात मॉडेल बहुधा कॅटिया किंवा एनएक्स या सॉफ्टवेअरमध्ये बनतात. पुरवठादाराने दोन्ही घेणे अशक्यच. यातून वाट काढली ती स्टेप या तटस्थ स्वरूपाने, जे १९९४ मध्ये आयएसओ मानक झाले. स्टेपमधून भूमिती येते, पण छिद्र, फिलेट, रिब यांचा रचनाक्रम येत नाही. तो पुन्हा ओळखून देणारे सॉलिडवर्क्समधले फीचरवर्क्स हे साधन गोदरेज समूहातल्या जिओमेट्रिक कंपनीने तयार केले होते. स्टेपमध्येच देवघेव करू, असे ऑर्डर घेतानाच ठरवून घेणाऱ्या पुरवठादाराला ग्राहकाच्या आवृत्तीमागे धावावे लागले नाही. या चार दशकांतला सर्वांत स्वस्त उपाय कोणता म्हणाल, तर हाच.

लायसन्सची किंमत बिलावर दिसते. उरलेला खर्च दिसत नाही, म्हणून तो अंदाजपत्रकात धरलाच जात नसे. नव्या आवृत्तीला जास्त रॅम आणि नवे ग्राफिक्स कार्ड लागे. ऑटोकॅडच्या २००६ च्या आवृत्तीत मेनू फाइलची पद्धत बदलली आणि २००९ च्या आवृत्तीत रिबन ही बटणांची नवी पट्टी आली, तेव्हा वर्षानुवर्षे जमवलेले मेनू पुन्हा बसवावे लागले. बोल्टच्या तक्त्यांपासून टायटल ब्लॉकपर्यंतची कामे करणारे, लिस्प भाषेतले घरगुती प्रोग्रॅमही एकेक करून तपासावे लागले. अनुभवी ड्राफ्ट्समनचा हात नव्या पडद्यावर बसेपर्यंत काम मंदावे. शहाण्या कंपन्या म्हणून चालू ऑर्डर संपेपर्यंत जुनी आवृत्ती शेजारीच ठेवत आणि आधी एकाच संगणकावर नवी चालवून पाहत.

या किमती डॉलरमध्ये ठरत, त्यामुळे भारतात घसरत्या रुपयाने यात भर घातली. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २०१३ मध्ये त्याने साठी ओलांडली आणि २०२४ मध्ये तो ८३-८४ वर होता. हा खर्च टाळण्यासाठी चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या जात हे खरे. पण कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमानुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरण्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. एखादी तपासणी लहान कंपनीला पुरती बसवू शकते. शिवाय फुकटच्या प्रतीमुळे खरा खर्च कधी मोजलाच गेला नाही, आणि हे नुकसान दंडापेक्षा लांब पल्ल्याचे होते.

खर्चाचे गणित मुळापासून बदलले ते २०१० ते २०२१ या काळात. २०१० मध्ये ऑटोडेस्कने जुन्यावरून नव्यावर येण्याची किंमत नव्या लायसन्सच्या निम्मी ठरवली, २०१३ मध्ये ती ७० टक्क्यांवर नेली आणि फेब्रुवारी २०१५ पासून ही सोय बंदच केली. जानेवारी २०१६ नंतर ऑटोकॅडचे कायमचे लायसन्स विकणे थांबले. जुन्या लायसन्सचा देखभाल करार २०१७ मध्ये ५, २०१८ मध्ये १० आणि २०१९ मध्ये २० टक्क्यांनी महागला आणि मे २०२१ मध्ये संपला. पीटीसीनेही २०१९ पासून जगभर कायमची विक्री थांबवली. ऑटोकॅडची अमेरिकेतली जुनी किंमत ४,००० डॉलर धरली आणि दर तिसऱ्या वर्षी निम्मे पैसे भरून नवी आवृत्ती घेतली, तर पहिल्या खरेदीनंतर वर्षाला पावणेसातशे डॉलरच्या आत भागत होते. तिथले भाडे आता वर्षाला २,००० डॉलरच्या घरात आहे. शिवाय पूर्वी मंदीच्या वर्षी नवी आवृत्ती न घेता जुन्यावर काम चालत असे; आता भाडे थांबले की सॉफ्टवेअरही थांबते. लहान उद्योगावर झालेला हा सरळसरळ अन्याय आहे.

२०२० मध्ये सामायिक नेटवर्क लायसन्स मागे पडून प्रत्येक सीट नावाने बांधली जाऊ लागली. दोन पाळ्यांत दोन जणांनी एकच सीट वापरण्याची सोय त्यामुळे गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या फ्लेक्स टोकन पद्धतीने त्यातले थोडे परत मिळाले. ऑटोकॅड एक दिवस वापरले की सात टोकन खर्च होतात. टोकन तीन डॉलरचे धरले तर दिवसाचे २१. वर्षातून साधारण ९० दिवसांपेक्षा कमी काम असलेल्या माणसासाठी पूर्ण सीटपेक्षा हे स्वस्त पडते. द्विमितीपुरते काम असेल तर ऑटोकॅडच्या एलटी या मर्यादित प्रकाराचे भाडे पूर्ण ऑटोकॅडच्या चौथाईच्या आसपास असते, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून त्यात लिस्पही चालते. डीडब्ल्यूजी थेट वाचणारी ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी सॉफ्टवेअर कायमच्या लायसन्ससह मिळत राहिली आणि काही कंपन्यांनी आपल्या काही सीट तिकडे वळवल्या.

हिशेबाची बाजूही बदलली. विकत घेतलेले सॉफ्टवेअर भांडवली मालमत्ता धरले जाई. त्यावरचा ६० टक्के घसारा २०१७-१८ पासून ४० टक्क्यांवर आला. भाडे मात्र त्याच वर्षीचा महसुली खर्च असते. १ जुलै २०१७ पासून लागलेला १८ टक्के जीएसटी नियमित नोंदणी असलेल्या कंपनीला वजावटीत मिळतो, कंपोझिशन योजनेतल्या उत्पादकाला मिळत नाही. त्यामुळे एकच कोटेशन दोन शेजाऱ्यांना वेगवेगळे पडते.

मुक्त स्रोतातले फ्रीकॅड २००२ पासून घडत होते, पण मॉडेलमध्ये मागे जाऊन बदल केला की पुढचे संदर्भ तुटण्याचा दोष त्याला फार काळ चिकटून होता. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीने त्यावर बराच उपाय केला. जिग, फिक्स्चर, गेज अशा कारखान्याच्या अंतर्गत कामांसाठी ते आज पुरेसे आहे. ग्राहकाची कॅटिया असेंब्ली जशीच्या तशी उघडून त्यात बदल करून परत पाठवायची असेल, तर मात्र सशुल्क सीट अजूनही ठेवावी लागते.