पोको एफ१ : पैसे कुठे लावले, कुठे वाचवले?

ऑगस्ट २०१८मध्ये शाओमीने ‘पोको एफ१’ हा फोन भारतात आणला, तेव्हा त्याची किंमत होती २०,९९९ रुपयांपासून पुढे. आत मात्र क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर होता. हाच प्रोसेसर असलेल्या वनप्लस ६ची किंमत त्या वर्षी ३४,९९९ रुपयांपासून सुरू झाली होती.

मग पैसे वाचवले कुठे? पाठ काचेची नव्हे, पॉलिकार्बोनेटची. पडदा ॲमोलेड नव्हे, एलसीडी. एनएफसी नाही, वायरलेस चार्जिंग नाही. कॅमेऱ्यात ऑप्टिकल स्थिरीकरण नसल्याने कमी उजेडात हात हलला की फोटो अस्पष्ट येण्याची शक्यता जास्त.

एक उणीव तर खोक्यावर वाचून कळण्यासारखी नव्हती. सुरुवातीला वाइडवाइन एल१ प्रमाणपत्र नसल्यामुळे या फोनवर नेटफ्लिक्स एचडी दर्जात दिसत नसे. ते प्रमाणपत्र २०१९मध्ये अपडेटमधून आले.

जमेची बाजूही भक्कम होती. ४,००० एमएएचची बॅटरी, हेडफोन जॅक, मेमरी कार्डाची सोय आणि पुढे अँड्रॉइड १०पर्यंतचे अपडेट. गेम खेळणाऱ्यांसाठी हा सौदा उत्तम होता. ज्यांचा जीव फोटोंत रमतो, त्यांनी मात्र खरेदीपूर्वी रात्रीचे नमुना-फोटो पाहून घेणे आवश्यक होते.