चार वजनं, चाळीस किलो

परवा रद्दीवाल्याने एक वजन चक्क रद्दीच्याच पारड्यात टाकलं आणि मला माझी लाडकी ‘संतुलित त्रिमान पद्धत’ आठवली.

यात अंक तीनच: १, ० आणि उणे १. स्थानांच्या किमती १, ३, ९, २७...

५ कसे लिहायचे? ९ − ३ − १. म्हणजे एका पारड्यात ९ किलोचं वजन, दुसऱ्यात मालाशेजारी ३ आणि १. अशा चारच वजनांत १ ते ४० पर्यंतचा प्रत्येक पूर्ण किलो तोलता येतो!

खरी गंमत ऋण संख्यांची. वेगळं चिन्हच लागत नाही. प्रत्येक १ चा उणे १ करा आणि उलट, की ५ चे झाले उणे ५.

१९५८ मध्ये मॉस्को विद्यापीठात ब्रुसेन्त्सोव्ह यांनी याच पद्धतीवर ‘सेतुन’ संगणक बनवला.

२० लिहून बघा. अडलं तर विचारा बिनधास्त!