मेंढा (लेखा): जंगल राखणारी ग्रामसभा

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे छोटंसं गोंड गाव. पण जंगलाचा विषय निघाला की देशभर याचं नाव घेतात!

२००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक.

जंगल राखायची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधीची. फळझाडं तोडायची नाहीत, वणवा लागला तर सगळ्यांनी धावायचं, माश्या न मारता मध काढायचा, हे नियम ग्रामसभेचेच. निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर. बहुमत वगैरे भानगड नाही.

खरी अडचण होती बांबूची. कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचा, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेकडे सोपवलं. बांबूविक्रीचा पैसा थेट गावाकडे येऊ लागला.

जंगलावर पोट असलेल्या कुठल्याही गावाची ग्रामसभा जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करू शकते. ओळखीतल्या गावांपर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.

#मेंढालेखा #वनहक्क #ग्रामसभा