दाबलेला भुसा

पोत्याचा कोपरा कापला गेला आणि खोलीत वखारीचा वास आला.

जानेवारीतली सकाळ, अमेरिकेच्या ईशान्य भागातलं न्यू हॅम्पशायर, बाहेर उणे अठरा. भाचा तळघरातून प्लॅस्टिकचं पोतं खांद्यावर घेऊन वर आला होता. चाळीस पाउंडांचं, म्हणजे साधारण 18 किलोंचं. त्याने ते शेगडीच्या डोक्यावरच्या पेटीत रिकामं केलं. खडखड आवाज, थोडी धूळ आणि तो वास. मी थेट मिरजेत, गल्लीच्या टोकाच्या वखारीत, गोणपाट धरून उभी. करवतीखालचा भुसा तिथे आण्यांच्या भावाने मिळायचा.

आमच्याकडे भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्याला खाली भोक. मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून लाकडाचा दांडा आत घालायचा आणि सभोवती भुसा ठासायचा. मग बाटली फिरवत फिरवत अलगद उपसायची. बोगदा टिकला तर दुपारपर्यंत स्वयंपाक, ढासळला तर घरभर धूर आणि आईची चिडचिड. सगळी मेख त्या ठासण्यात. आई ते काम कुणाला करू द्यायची नाही.

म्हणून भाच्याने फोनवर “मावशी, आम्ही भुशावर घर तापवतो,” म्हटलं तेव्हाच ठरवलं होतं, ही शेगडी नीट बघायची.

पोत्यातले पेलेट म्हणजे जाड शेवेचे तुकडेच. जाडी जेमतेम 6 मिलिमीटर. करतातही सोऱ्यातून शेव पाडावी तसेच: वाळवलेला भुसा पोलादी चकतीच्या भोकांतून प्रचंड दाबाने बाहेर रेटतात. त्या दाबाने भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि निवताना तेच चिकटतं. वेगळा गोंद लागत नाही. म्हणजे आईचं ठासणं आता कारखान्यात होतं.

बाकीचं यंत्र करतं. बटण दाबलं की विजेची कांडी तापते, पाच-सात मिनिटांत ज्वाळा. पेटीच्या तळाशी पिळाचा दांडा थांबत थांबत फिरतो आणि दर खेपेला चार-दोन तुकडे तव्याएवढ्याही नसलेल्या लोखंडी वाटीत टाकतो. टप्. टप्-टप्. एक पंखा वाटीच्या भोकांतून हवा ओढून धूर भिंतीतल्या नळीने बाहेर घालवतो. दुसरा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांभोवतून फिरवून परत खोलीत सोडतो. दोन्ही हवांची गाठ पडत नाही. दार उघडं राहिलं, आतला ओढा कमी झाला, तर एक छोटा खटका तुकडे पडणंच बंद करतो. मी तासन्‌तास काचेसमोर बसायचे, पण कान त्या टप्-टप्‌कडे.

तिसऱ्या दिवशी वार्षिक सफाईचा माणूस आला. ती खरं तर थंडीआधी व्हायला हवी होती. भाच्याचा आळस. माणूस साठीचा, गुडघ्यांना रबरी कवच बांधलेला. आल्या आल्या त्याने काही उघडलं नाही. नुसता जाळ बघत उभा राहिला. आखूड, चपळ, पिवळा-पांढरा जाळ चांगला. लांबट, सुस्त, केशरी, टोकाला काळपट असला की समजायचं, हवा कमी पडतेय. इथला केशरी होता. मग शेगडी विझवून निवू दिली, मागचा पत्रा काढला, पंख्याची पाती ब्रशने घासली, आतल्या पत्र्यावर रबरी हातोडीने हलके ठोके दिले. मऊ राखेचा पडदाच खाली आला. वाटीच्या तळातून त्याने काचेसारखा एक काळा खडा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. राखेतली वाळू वितळून झालेला. हलक्या प्रतीचा माल आणला की हे होणारच, म्हणाला. किती जाळता, असंही त्याने विचारलं.

“दिवसाला एक पोतं,” भाचा म्हणाला.

त्यावर त्या माणसाने पायऱ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पायऱ्या अकरा. पन्नास पोत्यांचा एक टन, हिवाळ्याला तीन टन. दीडशे पोती, अकरा पायऱ्या. शिवाय रोज वाटी खरवडायची, राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बादली घराबाहेर ठेवायची, कारण आत निखारा कितीतरी वेळ जिवंत राहतो. राख मात्र खरंच थोडी. चांगल्या मालात शंभरात एक भागही नाही, पोत्यामागे ओंजळभर. ठासायची कला यंत्राने नेली. वाहायचं आणि खरवडायचं तेवढं माणसाला ठेवलं.

ही शेगडी 1970च्या दशकातल्या तेलटंचाईचं अपत्य. बोइंगमध्ये काम केलेल्या जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात ती घरात वापरण्याजोगी केली. विमानवाल्याची शेगडी, तेव्हा पंखे आणि खटके असणारच. पण या सगळ्याला वीज लागते.

ते एका संध्याकाळी कळलं. पाऊस पडता पडता तारांवर गोठत होता. दिवे गेले आणि त्याच क्षणी पंखे थांबले. वाटीतला जाळ गोंधळल्यासारखा वर लांबला, मग दाराच्या फटीतून धुराची रेघ आत आली. भाच्याने त्या थंडीत खिडकी उघडली. सफाईवाल्याने डिसेंबर 2008चं बर्फवादळ सांगितलं होतं. राज्यात लाखो घरांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. भरल्या पेटीसमोर माणसं कुडकुडत बसली. भाच्याने बॅटरी घ्यायचं ठरवलंय म्हणे. अजून घेतलेली नाही.

आईच्या शेगडीला वीज ठाऊक नव्हती, हे मी बोलून दाखवलं. आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या भिंती आणि आईचा खोकला मात्र बोलले नाही. पाऊण तासाने दिवे आले. शेगडीने आधी पंखा फिरवून पोट साफ केलं, मग कांडी तापवली. बऱ्याच वेळाने टप्.

निघायच्या आदल्या रात्री मी एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला. तरंगला नाही, सरळ तळाला गेला. थोड्याच वेळात फुगला, फुटला आणि पुन्हा भुसा झाला. अगदी वखारीतला. बोटाने काढून हुंगला.

“म्हणून पोतं ओलं होऊ द्यायचं नाही, मावशी,” भाचा म्हणाला आणि तळघराचं दार उघडलं. बाहेर उणे चोवीस झालं होतं.

“सकाळी आणलंस ना?”

“आज दोन लागणार.”