खोक्यावरचं नाव, आतली चिप

‘लिनक्सवर यूएसबी वायफाय चालत नाही.’ विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर जुना संगणक लिनक्सवर नेऊ पाहणाऱ्याला गोंदियातही हे ऐकावं लागतं. खरं तर ई-कोर्ट प्रकल्पाने देशभरातल्या जिल्हा-तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स कधीच स्वीकारलं, आणि गोंदियाचं जिल्हा न्यायालयही याच प्रकल्पात येतं. तेव्हा लिनक्स म्हणजे हौशी पोरांचा खेळ, हा समज आधी बाजूला ठेवावा.

वायफायची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. गडबड खरेदीत होते. लोक कंपनी बघून वायफाय डोंगल घेतात, लिनक्सला हवी असते आतली चिप. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन बघा. पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची एआर९२७१ चिप होती, तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असल्याने डोंगल लावलं की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. खोक्यावरचं मॉडेल मात्र तेच राहिलं! मित्राच्या सांगण्यावरून घेणारा इथेच फसतो. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ आदेश दिला की डोंगलचा आयडी दिसतो. त्याची सुरुवात ‘०बीडीए’ असेल तर चिप रिअलटेकची.

रिअलटेकची काही डोंगलं तर लावल्याबरोबर आपण सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात. आयडी येतो ०बीडीए:१ए२बी, आणि आत असतो विंडोजचा ड्रायव्हर. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे छोटं साधन ते सोंग उतरवतं. डोंगल बिघडलं समजून दुकानात परत नेण्याची घाई करू नये.

ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावा लागतो, ही तक्रार काही वर्षांपूर्वी रास्त होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलने आरटीएल८८२१सीयू, ८८२२बीयू अशा चिप्सना थेट सामावून घेतलं. जुनी लिनक्स आवृत्ती बसवून नवं डोंगल लावलं, तर अडचण येणारच.

तारेच्या नेटवर्क अडॅप्टरचा एवढा त्रास नाही. आरटीएल८१५३ चिपचा अडॅप्टर सहसा मुकाट्याने चालतो. फक्त खोक्यावरच्या ‘गिगाबिट’ला भुलू नये: संगणकाचं पोर्ट यूएसबी २.० असेल तर त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे.

आणि गोंदियातल्याच देवरी-सालेकसा तालुक्यांकडे योग्य डोंगल मिळेपर्यंत? अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं. लिनक्स त्याला नेटवर्क कार्ड म्हणूनच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. कर्नल अद्ययावत करायला तेवढं पुरतं.